निम्मं देऊळ

आयुषीने मोबाईल माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, दादी, ओळख बरं, हे कुठलं आहे? मी चष्मा पदराने पुसला आणि नीट बघितलं. काळ्या दगडाचं गोल छत होतं, वर्तुळात वर्तुळ असं आत आत जाणारं. मधोमध खाली लोंबणारं दगडाचंच फूल, आणि वर्तुळांच्या कडेने बाहेर झुकलेल्या बायका. मी म्हटलं, दक्षिणेतलं असणार, रामेश्वरच्या यात्रेत असलं काहीतरी बघितलं होतं आम्ही. हे मी इतक्या खात्रीने सांगितलं की माझी नात हसत सुटली. जळगावच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत ती झोपाळ्यावर बसली होती, तिथून उठून माझ्या शेजारी आली आणि म्हणाली, अगं दादी, हे आपलं देऊळ आहे, जडुल्याचं. कॉलेजची सहल सोनगीरचा किल्ला बघायला गेली तेव्हा मी मैत्रिणींना तिकडे घेऊन गेले होते. मी फोटो पुन्हा बघितला. पोरगी चेष्टा करते आहे असं वाटलं, म्हणून तिच्या तोंडाकडे बघितलं. तिचं हसू थांबलं होतं. तुला तुझंच देऊळ ओळखू येईना, असं ती म्हणाली, आणि चहा करायला आत गेली. मी तिथेच बसून राहिले. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी कपडे वाळत घालत होतं.

माझं देऊळ. आमच्यात मुलाचे पहिले केस कुलदेवीच्या दारात उतरवतात, त्याला जडुला म्हणतात. आमची कुलदेवी राहिली तिकडे मारवाडात. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांनी धरणगावात कापसाचा धंदा मांडला आणि मग एवढ्या लांब पोरंबाळं घेऊन कोण जातं, म्हणून त्यांनी सोनगीरच्या पलीकडच्या एका खेड्यातलं हे जुनं देवीचं देऊळ धरलं. देवीने हरकत घेतली नाही. तेव्हापासून घराण्यातल्या प्रत्येक पोराचे केस तिथेच पडले. नवी नवरी म्हणून मी तिथे गेले, माझ्या मुलांना घेऊन गेले, नातवंडांना घेऊन गेले, शिवाय दर चैत्रात सगळं घर जायचं ते वेगळंच. ते देऊळ मला पाठ आहे. बाहेरच्या भिंतीला अगदी खाली हत्तींची रांग आहे, त्यातल्या एका हत्तीची सोंड पुढच्याच्या शेपटीत अडकली आहे. हत्तींच्या वर घोडे, घोड्यांच्या वर भांडणारी माणसं. त्यांच्या वर बायकांची पावलं. एकीच्या पायात पैंजण आहेत, एक टाच उचलून काटा काढते आहे, एकीच्या पावलाशी माकड लोंबकळतं आहे. आतल्या खांबांचे तळ, उंबरठ्यावरचं कमळ, फरशीला गेलेली भेग, जिच्यात दरवर्षी मुंग्या असत. डोळे मिटून सांगेन. आणि एवढं पाठ असलेल्या देवळाचं छत पोरीने दाखवलं, तर मी त्याला रामेश्वरला नेऊन ठेवलं.

कारण सरळ आहे. देवळात जायचं ते सगळ्या घराने, आणि सगळं घर म्हणजे पुढे भाऊ. भाऊ म्हणजे पारसमल, माझे जेठ, माझ्या मालकांचे थोरले भाऊ. सगळं घर त्यांना भाऊ म्हणतं, आडत बाजारही भाऊच म्हणतो. मी त्यांना कधी काहीच म्हटलं नाही, कारण आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोने जेठाशी बोलायचं नसतं आणि त्यांनीही तिच्याशी बोलायचं नसतं. काही सांगायचं असलं की मध्ये तिसरं माणूस लागतं. मी चार हातांवर पाट मांडत असायची आणि ते माझ्या मुलाला सांगायचे, तुझ्या आईला म्हणावं वरणात मीठ कमी आहे. मुलगा मान वळवून तेच मला सांगायचा, जणू काही मी दुसऱ्या गावाला होते. आणि जेठासमोर घुंघट, तोही नुसता डोक्यावरचा पदर नव्हे, हनुवटीच्या खाली येणारा. घुंघटातून फरशी दिसते, स्वतःच्या पायांची बोटं दिसतात, आणि समोरच्यांचे पाय दिसतात. त्या घरातली माणसं मी आधी पायांनी ओळखायला शिकले. सासऱ्यांच्या मोजड्या, सासूबाईंच्या भेगाळ टाचा, भाऊंच्या उजव्या अंगठ्याचं काळं पडलेलं नख. देऊळही तसंच ओळखायला शिकले, खालून, कमरेपर्यंत.

बोदवडला, माहेरी, मी अशी नव्हते. तिथे माझी आई म्हणायची, ही पोर वर बघत चालते, एक दिवस विहिरीत पडेल. आमचं धान्याचं दुकान स्टेशनाच्या रस्त्यावर होतं आणि मला फलाटाच्या पत्र्याखालची कबुतरं बघायला आवडायचं. गाडी आली की ती सगळी एकदम उडायची आणि गाडी गेली की आपापल्या जागी येऊन बसायची. मी मान मोडेस्तोवर बघत राहायची. विहिरीत काही पडले नाही, धरणगावात पडले. लग्नानंतर पहिल्यांदा देवळात गेलो तेव्हा सवयीनेच, आत पाऊल टाकल्याबरोबर, मी घुंघटाची कड दोन बोटांनी उचलून मान वर केली. काही दिसायच्या आत सासूबाईंच्या हाताने कड खाली ओढली गेली. हात रागाचा नव्हता. जेवताना पोराच्या हनुवटीवरचं शीत पुसावं तसा हात होता, आणि म्हणूनच मला त्याच्यावर रागावता आलं नाही. त्या रात्री मी ह्यांना विचारलं, वर काय आहे हो? हे म्हणाले, वर काय असणार, छत आहे. माझा नवरा चांगला होता, आयुष्यात त्याने मला कधी खाली बघायला लावलं नाही, पण वर बघायची गरज त्यालाही कधी पडली नाही. पुढे मीही विचारायचं सोडून दिलं.

फोटोनंतर मला घरात चैन पडेना. मी लिफ्टमधून खाली जायची, भाजी आणायची, बँकेत जायची, शेजारच्या नाजमीनबरोबर तिच्या सुनेच्या बाळंतपणाच्या गप्पा मारायची, आणि मध्येच थांबून वर बघायची. बँकेच्या छताला पंखे आहेत. नाजमीनच्या घरात छताला जुन्या पाण्याचा डाग आहे. ती म्हणाली, सूरजबाई, मान धरली की काय तुमची? मला हसू आलं आणि त्याच्या खालोखाल असा काही राग आला की मी तिथून उठून घरी आले. राग कोणावर तेच कळेना. मुलांबरोबर जळगावला राहायला आल्यापासून मी बाजारात उघड्या डोक्याने फिरते, तरुण डॉक्टरशी हुज्जत घालते, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून सेक्रेटरीला घाम फोडते. मला वाटत होतं मी मोकळी झाले. आणि धरणगावची वेस आली की आपोआप हात वर जातो आणि पदर खाली येतो. घरातल्या सुनांनी केव्हाच घुंघट सोडला. माझी सून नुसतं डोकं झाकते, आणि नातसून, आमच्या अर्हमची आई, सरळ ड्रेस घालून भाऊंच्या पाया पडते. तेही आशीर्वाद देतात. मग राहिले मी एकटी. मला कुणी धरून ठेवलं नव्हतं आणि सोड असंही कुणी म्हटलं नव्हतं.

नाही, धरून ठेवलं होतं. भाऊ चार लोकांत माझं कौतुक करायचे. लग्नकार्यात, दुखवट्यात, कुठेही सुनांचा विषय निघाला की मोठ्याने म्हणायचे, रीत बघायची तर बोदवडवालीची बघा. आमच्यात सुनेला तिच्या माहेरच्या गावाने ओळखतात, तेव्हा बोदवडवाली म्हणजे मी. मी भिंतीआड उभी असायची आणि ऐकायची, आणि घुंघटाच्या आत माझं तोंड सुखाने फुलून यायचं. हे खोटं कशाला सांगू? एवढं कौतुक मला माझ्या आईनेही केलं नव्हतं. त्या कौतुकाला मी इतकी वर्षं माझं निम्मं देऊळ देत आले होते. सौदा वाईट होता हे कळायला त्या फोटोतलं छत दिसावं लागलं, आणि आपणच आपलं हे करून घेतलं म्हटल्यावर राग काढायला दुसरं कोणी सापडेना.

आयुषीला मी हे सगळं सांगितलं नाही, पण पोरगी माझीच. ती म्हणाली, दादी, रविवारी आपण दोघीच जाऊ, गाडी काढते, कुणी नसेल तिथे, तू हवं तेवढं बघ. मी नाही म्हटलं. तिला कळेना. मी म्हटलं, चोरून नाही बघायचं मला. जन्मभर कडेखालून चोरूनच बघत आले, आता म्हातारपणी मोटार करून चोरी करायला जाऊ? महिन्याभराने अर्हमचा जडुला ठरला होता. सगळं घर असेल, भाऊ असतील. तेव्हा बघेन. आयुषी म्हणाली, आणि जमलं नाही तर? मी म्हटलं, तर मग मेल्यावर बघेन, तेव्हा सगळ्यांनाच उताणं झोपवतात. ती रागावली. मला त्या महिन्यात नीट जेवण गेलं नाही.

जडुल्याच्या दिवशी सकाळीच निघालो. अमळनेर सोडलं आणि दोन्ही बाजूंना कापसाची शेवटची वेचणी होऊन उलंगवाडी झालेली शेतं सुरू झाली, काळ्या वाळक्या पऱ्हाट्या आणि मधूनच राहून गेलेलं एखादं बोंड. हायवेला लागल्यावर सोनगीरचा किल्ला दिसला. त्याच्यापुढे गाडी आत वळते आणि बाभळीतून जाते, एवढा रस्ता मी एरवी गाडीच्या पायातल्या चटईवरून ओळखायची, कारण आमच्या गाडीत पुढे भाऊ बसत. आज भाऊ दुसऱ्या गाडीत होते. मी काच खाली करून सगळं बघत होते. आपलं काय जायचं आहे, असं मी मनाला विचारत होते. मन म्हणत होतं, सगळंच. भाऊ आता शहाऐंशीचे आहेत, ह्यानंतर ते देवळात येणार नाहीत. आज हे झालं नाही तर मग कुणासमोर करायचं? आणि आज केलं तर ते कौतुक गेलं, भरल्या घरात गेलं, एका सकाळीत गेलं.

गाडी थांबली आणि भाऊंची गाडी आधीच येऊन उभी असलेली मला दिसली. माझा हात वर गेला. पदर हनुवटीखाली आला. मी उतरले, आणि तेच हत्ती, तेच घोडे. काटा काढणारीचं पाऊल. आयुषीने माझा दंड धरला होता, तिने तो दाबला नाही की काही बोलली नाही, पण तिला वाईट वाटलं आहे हे तिच्या चालण्यावरून मला कळलं. दारात भिकन गुरव भेटला. हा पिढीजात पुजारी, आमच्या घरातलं प्रत्येक पोर त्याने उघडं बघितलेलं. अक्का, या या, म्हणाला. उंबरठ्यावरच्या कमळाला हात लावून मी आत गेले. मंडपात नेहमीचा गारवा होता, वटवाघळांचा आणि तेलाचा वास होता. आणि माझ्या पायांपुढे, मंडपाच्या मधोमध, जिथे फरशीत मोठी गोल शिळा बसवली आहे, तिथे प्लास्टिकच्या खुर्चीचे चार पाय होते आणि काळं पडलेलं नख होतं. भाऊंना खाली बसता येत नाही म्हणून त्यांची खुर्ची मांडली होती, आणि मांडली होती ती बरोब्बर छताच्या फुलाखाली. मला एकदम हसायला आलं. एवढं मोठं देऊळ, पण नीट बघायचं तर त्याच एका खुर्चीजवळ उभं राहायला हवं.

न्हावी बसला. अर्हमला त्याच्या आईने मांडीवर घेतलं आणि तो किंचाळायला लागला. आयुषी आत्या, तेव्हा केस झेलण्याचा मान तिचा. ती ओढणी पसरून बसली. बायका एका बाजूला खांबांच्या कडेने, त्यांच्यात मी सगळ्यांच्या मागे, माझ्या जागेवर. पहिली बट पडली. कुणीतरी गाणं धरलं, जुनंच मारवाडी, आणि माझ्या तोंडातून शब्द यायला लागले, कारण तेही पाठ. गाता गाता मला वाटलं, संपलं, हे असंच पार पडणार. हे केस संपतील, नारळ फुटेल, प्रसाद वाटला जाईल आणि मी गाडीत बसेन. मी खांबाला हात टेकला. हात खांबाच्या कोरलेल्या अंगावर पडला, माझ्या खांद्याच्या उंचीवर, जिथे मी कधी हात नेला नव्हता. बोटांना काहीतरी लागलं, गोल, गुळगुळीत. तो गुडघा होता. कुणाचा तरी दगडी गुडघा, मुडपलेला, सगळ्या भाराखाली. मी हात आणखी वर नेला. सुटलेलं पोट लागलं, मग छाती, मग हनुवटी, मग दात. तो हसत होता.

मी गाणं थांबवलं आणि चालायला लागले. बायकांमधून वाट काढली, कुणाचा तरी पाय माझ्या पायाखाली आला, ती कळवळली. गोल शिळेवर गेले, खुर्चीच्या शेजारी, नखापासून हातभर अंतरावर. आमच्याकडे पुरुष माणूस घरात शिरताना उंबरठ्यावर खाकरतो, म्हणजे आतल्या बायकांनी पदर घ्यावा. भाऊंचं खाकरणं मी साऱ्या घरात ओळखायची. मी उभी राहिले आणि खाकरले. चांगली मोठ्याने, बाजारातल्या आडत्यासारखी. बघायचं नसेल त्याने तोंड फिरवावं, एवढी सूचना द्यायलाच हवी होती. मग दोन्ही हातांनी पदर मागे टाकला, डोक्यावरूनही, पार खांद्यावर.

गाणं थांबलं. न्हाव्याचा हात थांबला. अर्हमसुद्धा दमून गप्प झाला. मला आधी दिसले ते भाऊ. रीतीप्रमाणे त्यांनी तोंड फिरवलं होतं, पण अर्धवटच. पाठ इतकी वाकली आहे की मान धड फिरत नाही. लहानसा पांढरा चेहरा, ओठ आत गेलेले. मला वाटत होतं तेवढे ते मोठे नव्हते. देवळाच्या गाभाऱ्याकडे बघत, माझ्याकडे न बघता, ते आयुषीला खान्देशीत म्हणाले; इतकी वर्षं धरणगावच्या बाजारात घालवल्यामुळे त्यांची मारवाडी गेली आणि तेवढीच राहिली आहे:

"आयुषी, तुन्ही दादीले सांग, पदर ले म्हना."

मी आयुषीकडे बघितलं. तिच्या ओढणीत पोराचे केस होते, दोन्ही हात गुंतलेले. सगळं घर तिच्याकडे बघत होतं. पोरगी उठली नाही, हसली नाही, आवाज चढवला नाही.

"भाऊ, तुम्हीच सांगा ना," ती म्हणाली. "ती तुमच्या शेजारीच उभी आहे."

भाऊंनी माझ्या मुलाकडे तोंड केलं. माझा मुलगा, ज्याने लहानपणी वरणातलं मीठ माझ्यापर्यंत पोचवलं होतं, तो चपलांच्या ढिगाकडे बघायला लागला. मग सुनेकडे बघितलं. तिला पोराचं टोपडं सापडेना. त्यांनी भिकन गुरवाकडेही बघितलं. भिकन म्हणाला, "मी काय सांगू भाऊ? घरनी गोट शे." घरच्या गोष्टीत त्यालाही पडायचं नव्हतं. आणि त्या क्षणी मला उमजलं. ह्या माणसाला मला काही सांगताच येत नव्हतं. मला पदर घे म्हणायचं तर माझ्याशी बोलावं लागेल, आणि बोललं की त्यांचीच रीत त्यांच्याच तोंडाने मोडली. आयुष्यभर त्यांचा प्रत्येक हुकूम कुणाच्या तरी खांद्यावर बसून माझ्यापर्यंत आला होता. आज खांदा द्यायला कुणी तयार नव्हतं. मी वाट बघितली, अगदी रीतीने, मान खाली घालूनसुद्धा. ते काही बोलले नाहीत. मग मी मान वर केली.

फोटो काहीच नव्हता. फोटोत ते सपाट होतं आणि इथे ते वर वर जात होतं, एक कडं, त्याच्या आत दुसरं, त्याच्या आत तिसरं, प्रत्येकावर पाकळ्या, आणि माझ्या मानेत कळ आली तरी ते संपेना. माझ्या हाताला लागला होता तसलेच ठेंगणे खांबांच्या डोक्यांवरही बसले होते, भार पेलणारे, सगळे दात काढून हसणारे. आणि त्यांच्या वर बायका. ज्यांची पावलं मला बाहेरच्या भिंतीवर ठाऊक होती त्यांच्या ह्या बहिणी असाव्यात, फक्त ह्यांना तोंडं होती. एक बासरी वाजवत होती, एक मृदंग, एक आरशात बघत होती, एकीचं नाक कुणीतरी फोडलं होतं तरी ती बघत होती. सगळ्यांची डोकी उघडी होती, केसांचे अंबाडे, अंबाड्यांत फुलं. आठशे नऊशे वर्षं त्या तिथून खाली बघत होत्या, आणि मी त्यांच्या खालून इतक्या वेळा गेले होते, पदराचा एक गोळा. मला रडू आलं नाही. मला वाटलं होतं येईल. मला बोदवडच्या फलाटावर यायचा तसा आनंद आला, एकदम, पोटातून, आणि मी मोठ्याने हसले. माझ्या हसण्याचा आवाज त्या कड्यांतून फिरला आणि वरून परत आला. मागे कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. भाऊंची थोरली सून दिपमाला, साठीची बाई, खांबाजवळून दोन पावलं पुढे आली होती आणि वर बघत होती. तिचा पदर कुठे होता कोण जाणे. मग बाकीच्यांनीही माना वर केल्या, न्हाव्यानेसुद्धा.

भाऊ एकटेच खाली बघत होते. त्यांनी खुर्चीचे हात धरले आणि मान वर करायचा प्रयत्न केला. ती हनुवटीपुरती हलली आणि थांबली. पुन्हा केला. मग हात सोडून दिले. मी बघत होते, आणि पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे बघितलं, खालून, तिरकं, इतक्या वर्षांनी, माझ्या उघड्या तोंडाकडे. काय दिसलं असेल त्यांना? सुरकुत्या आणि चष्मा. मग ते बोलले, मध्ये कुणाला न घेता, सरळ माझ्याशी.

"मनी मान वर व्हत नई," ते म्हणाले. "इतलं काय शे वर?"

मी पदर घेतला नाही. त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, वर बघितलं, आणि बोलले. माझा आवाज त्यांनी गाण्यातल्या गर्दीत ऐकला असेल तेवढाच.

"भाऊ," मी म्हणाले, "मधोमध एक फूल आहे. तुमच्या डोक्याच्या नेमकं वर. पडेल असं वाटतं, पण पडत नाही. त्याच्या भोवती बायका आहेत."

"मंग?"

"बासरीवाली आहे. आरसेवाली आहे. एकीचं नाक गेलं आहे, पण तिला त्याचं काही नाही."

"मंग?" ते म्हणाले, आणि मान खाली घालून कान माझ्याकडे केला.

"थांबा, घाई करू नका," मी म्हणाले. "नीट ऐका. अजून पुष्कळ आहे."